पीपीएआर-गॅमा प्रकल्पाच्या नोंदी, रबाळे: जून ते डिसेंबर २०२४

३ जून

लक्ष्य ठरलं. मधुमेहावरच्या औषधासाठी पीपीएआर-गॅमा या न्यूक्लिअर रिसेप्टरला (पेशीच्या केंद्रकात जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला) पूर्ण नाही, अर्धवट चालू करणारा रेणू हवा, म्हणजे पार्शल ॲगोनिस्ट. तोच रेणू पीटीपी१बी या, इन्सुलिनचा संदेश थांबवणाऱ्या एन्झाइमलाही रोखू शकला तर उत्तम. दोघांचा संबंध इन्सुलिनशी आणि दोघांनाही ॲसिड गट असलेले रेणू चालतात, म्हणून एका दगडात दोन पक्षी मारायचा मोह.

पूर्ण ॲगोनिस्ट का नको, हे इतिहासच सांगतो. मधुमेहाची जुनी 'ग्लिटाझोन' औषधं पूर्ण ॲगोनिस्ट. त्यातलं ट्रोग्लिटाझोन यकृताच्या त्रासापायी २००० मध्ये अमेरिकेतून गेलं. रोसिग्लिटाझोनवर आपल्याकडे २०१० मध्ये बंदी आली. पायोग्लिटाझोन २०१३ च्या जूनमध्ये थांबवलं आणि जुलैअखेर इशाऱ्यासकट परत आलं. वजन वाढतं, अंगावर सूज येते, हाडं मोडण्याचा धोका वाढतो. पण त्याच २०१३ मध्ये याच रिसेप्टरवरही चालणारं सारोग्लिटाझार भारतात शोधलं जाऊन भारतातच मंजूर झालं, त्यामुळे सरांच्या मते हे दार अजून उघडं आहे.

जागा: एमआयडीसीतला गाळा. दोन फ्यूम हूड, एक रोटाव्हॅप (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र), काचेच्या पार्टिशनपलीकडे सेल कल्चर. संश्लेषण माझ्याकडे, बायोलॉजी मॅडमकडे.

११ जून

डॉकिंग, म्हणजे संगणकावर रेणू रिसेप्टरच्या खोबणीत बसवून पाहणं. पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली २पीआरजी ही रचना घेतली: १९९८ ची, २.३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), रोसिग्लिटाझोन आणि कोॲक्टिव्हेटर या मदतनीस प्रथिनाच्या तुकड्यासह. व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साधा डेस्कटॉप पुरतो. आधी रोसिग्लिटाझोन काढून परत बसवून पाहिलं. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं, तेव्हा पुढे निघालो.

दोन गोष्टी लिहून ठेवते. या रिसेप्टरची खोबणी १३०० घन अँगस्ट्रॉमच्या आसपास आहे. एवढ्या मोठ्या जागेत डॉकिंगचा स्कोअर म्हणजे गोदामात उभी केलेली सायकल. कुठेही उभी राहते. रेणू मोठा केला की स्कोअर सुधारतो, त्यावरून यादी लावण्यात अर्थ नाही.

दुसरं, 'टायरोसिन ४७३ शी (रिसेप्टरच्या साखळीतल्या ४७३ व्या अमिनो ॲसिडशी) हायड्रोजन बंध हवाच' ही चाळणी आम्ही सवयीने लावली होती. पण तो बंध ही पूर्ण ॲगोनिस्टची खूण. कित्येक पार्शल ॲगोनिस्ट तिथे हात न लावताच बसतात. हवा अर्धवट रेणू आणि चाळणी पूर्णाची! यादी नव्याने काढली.

मालिका ठरली: मध्ये १,२,४-ऑक्साडायझोल (नायट्रोजन-ऑक्सिजन असलेली पाच अणूंची रिंग), तिसऱ्या जागी मेटा-बेंझोइक ॲसिड, पाचव्या जागी ॲरिल (बेंझीनसारखी रिंग) आणि त्याला निरनिराळी शेपटी. कच्चा माल वाशीच्या डीलरकडे मिळतो, पायऱ्या कमी. नावं ओएक्स-१ पासून पुढे.

२५ जून

पहिली पायरी सरळ वाटली होती: मिथाइल ३-सायनोबेंझोएट, हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, बेस, इथेनॉल, रिफ्लक्स (उकळत ठेवणं). टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एकाऐवजी तीन स्पॉट, त्यातले दोन एकमेकांना चिकटलेले. मासमध्ये (रेणूचं वजन सांगणाऱ्या यंत्रात) पाहिलं तर एक हवा तो अमिडॉक्झाइम आणि दुसरा त्याहून १४ ने जड: इथेनॉलमध्ये मिथाइल एस्टरचा इथाइल एस्टर झालेला. तिसरा हायड्रॉक्सामिक ॲसिड, म्हणजे हायड्रॉक्सिलअमाइन नायट्राइलबरोबर एस्टरलाही लागलं. इथाइलचं एक वेळ चालेल, शेवटी एस्टर तोडायचाच आहे. हायड्रॉक्सामिकचं चालणार नाही. ते धातूंना धरतं आणि थोडं जरी उरलं तरी एन्झाइमच्या चाचणीत खोटे आकडे देईल.

उपाय: टर्ट-ब्युटाइल एस्टर. हायड्रॉक्सिलअमाइन त्याच्या वाटेला जात नाही, शेवटी ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिडने सुटतो आणि ऑक्साडायझोलला धक्का लागत नाही. माल महाग, पण शुद्धीकरणाच्या कॉलमचं सिलिका आणि सॉल्व्हंट वाचलं त्यात फिटलं.

हायड्रॉक्सिलअमाइनचं पन्नास टक्के पाण्यातलं द्रावण स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल. घेऊ नका. ते तापवताना किंवा आटवताना स्फोट होऊ शकतो. हायड्रोक्लोराइडच बरं.

९ जुलै

रिंग बंद होईना. ॲसिड जोडलं जातं, पण पाणी निघून रिंग व्हायची ती अर्धवटच होते. मासमध्ये हव्या वजनाच्या वर १८ दिसतात. डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये ११० अंशांवर रात्रभर ठेवलं तर रिंग होते, पण क्रूड (शुद्ध न केलेला माल) डांबरासारखं काळं. टीबीएएफ हे मीठ आणि टीएचएफ हे सॉल्व्हंट, खोलीच्या तापमानाला, दुपारी लावून संध्याकाळी बघितलं तर स्वच्छ. मीठ धुवून काढायला थोडा त्रास, पण आता हीच पद्धत.

एनएमआर, म्हणजे रेणूची रचना पडताळायचं यंत्र, आमच्याकडे नाही. नमुने ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आणि तिथून पुढे. पावसात गाड्या रखडल्या की दिवस त्यातच जातो, म्हणून आता आठवड्याचे नमुने साठवून एकदम नेतो.

२३ जुलै

डीएमएसओ, म्हणजे रेणू विरघळवून साठवायचं सॉल्व्हंट. यावर सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात हे सगळ्यांनाच नडेल.

त्यात १० मिलीमोलरचे स्टॉक (घट्ट साठवणीची द्रावणं) करून ठेवले होते. मॅडमनी चाचणीची प्लेट (छोट्या खड्ड्यांची ताटली) लावायला ओएक्स-४ ची नळी काढली आणि उजेडाकडे धरली. तळाशी पिठासारखा पांढरा थर, वर द्रव नितळ. हलवलं की धूर उठल्यासारखा वर येतो आणि परत बसतो. रेणू मूळचा न विरघळणारा नाही; करताना तो सहज विरघळला होता.

डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं. फ्रीझरमधली थंड नळी दमट हवेत उघडली की आत दव धरतं. थोडं पाणी गेलं तरी चपट्या, ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या रिंग असलेल्या) रेणूंची विद्राव्यता कोसळते. शिवाय डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठतं, त्यामुळे एसी जोरात असला की टेबलावरच अर्धं गोठतं, वितळतं, आणि प्रत्येक फेरीत थोडा रेणू खाली बसतो. नळीवर १० मिलीमोलर लिहिलेलं असतं, पिपेटमध्ये किती येतं कुणास ठाऊक.

आता: नवी सीलबंद बाटली, एका वापरापुरत्या छोट्या नळ्या, डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद डब्यात). काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. शंका आली तर वरच्या द्रवाचं एचपीएलसी घेऊन, म्हणजे त्यात रेणू किती आहे हे मोजून, ताज्या स्टॉकशी ताडायचं. जुने सगळे स्टॉक फेकले. काही रेणू परत करावे लागले. जुलै बराचसा त्यात गेला.

८ ऑगस्ट

पेशींची चाचणी. एचईके-२९३टी या मानवी पेशींत गॅल४ ला (डीएनएला धरणाऱ्या यीस्टच्या प्रथिनाला) जोडलेला पीपीएआर-गॅमाचा लिगंड, म्हणजे रेणू, धरणारा भाग, सोबत फायरफ्लाय ल्युसिफरेजचा रिपोर्टर: रिसेप्टर चालू झाला की काजव्याचं हे चमकणारं एन्झाइम तयार होतं. पेशी किती जगल्या हे पाहायला रेनिला, हे दुसरं, समुद्री जिवातलं ल्युसिफरेज.

पहिल्या प्लेटवर झेड-प्राइम, म्हणजे चाचणी किती विश्वासाची हे सांगणारा आकडा, ०.३ च्या खाली. ०.५ च्या वर असल्याशिवाय आकडे वाचायचे नाहीत हे ठरलेलं. तपासलं तर सीरममधली फॅटी ॲसिड्स रिसेप्टरला आधीच अर्धी जागी करत होती आणि कंट्रोलचाच पाया उंच. कोळशाने गाळलेलं सीरम आणलं, पाया खाली आला, झेड-प्राइम ०.६. सीरमच्या एका बाटलीचे पैसे पाहून सरांनी चष्मा काढून परत लावला.

२९ ऑगस्ट

निकाल. ओएक्स-२, ३ आणि ६ जोरात. ओएक्स-२ चा सिग्नल रोसिग्लिटाझोनच्या जवळजवळ दुप्पट. पेढे आले.

मला दोन गोष्टी खटकताहेत, लिहून ठेवते. वक्र घंटेसारखा आहे: चढतो आणि वरच्या मात्रेला खाली येतो. मॅडम म्हणतात पेशी मरत असतील; पण मग रेनिला पडायला हवं, ते सरळ रेषेत आहे. आणि ओएक्स-२ ला शेपटीच नाही. १३०० घन अँगस्ट्रॉमच्या खोबणीत सगळ्यात छोटा रेणू सगळ्यात जोरदार, आणि शेपटी वाढवली की जोर कमी? डॉकिंगवर माझा विश्वास नाही, पण एवढंही उलटं व्हायला नको.

१२ सप्टेंबर

गणपतीत अर्धी लॅब कोकणात. ल्युसिफरेजचं रीएजंट संपलं, नवं विमानतळावर कस्टममध्ये अडकलं. मॅडमनी वाट न पाहता घरगुती रीएजंट केलं: ल्युसिफेरिन, एटीपी, मॅग्नेशियम, बफर. फ्रीझरमधल्या त्याच प्लेटचे पेशींचे अर्क त्याने परत वाचले.

रोसिग्लिटाझोनचा वक्र जसाच्या तसा आला. ओएक्स-२ मात्र उलटा. जिथे दुप्पट चमक होती तिथे आता कंट्रोलपेक्षाही कमी. पहिली प्रतिक्रिया अर्थातच 'घरचं रीएजंट बिघडलं'. पण मग रोसिग्लिटाझोन का नाही बिघडलं?

दोन रीएजंटमधला फरक शोधला. विकतच्यात कोएन्झाइम ए असतं, आमच्यात नव्हतं.

२४ सप्टेंबर

जीडब्ल्यू९६६२ लावून पाहिलं. हा रेणू रिसेप्टरच्या सिस्टीन २८५ ला कायमचा जोडला जातो आणि खोबणी अडवतो. आधी हा, मग आमचे रेणू. रोसिग्लिटाझोनचा सिग्नल बसला, ओएक्स-२ चा तसूभरही हलला नाही.

सरांचं म्हणणं, जीडब्ल्यू९६६२ असतानाही काही लिगंड दुसऱ्या जागी बसतात, तसं आधी दाखवलं गेलंय. बरोबर आहे, दाखवलं गेलंय. आणि म्हणूनच हा पुरावा कुठल्याच बाजूने पुरेसा नाही. 'दुसरी जागा सापडली' म्हणून शोधनिबंध लिहायला घेतला असता तर छापूनही आला असता कदाचित. मॅडम म्हणाल्या, "रिसेप्टरच काढून टाकू, मग बघू." लिगंडचा भाग नसलेलं नुसतं गॅल४ त्यांच्याकडे फ्रीझरमध्ये होतंच.

३ ऑक्टोबर

नुसत्या गॅल४ च्या पेशींत रोसिग्लिटाझोन गप्प. ओएक्स-२, ३, ६ तिघेही चमकले. रिसेप्टर नाहीच, आणि तरी सिग्नल.

९ ऑक्टोबर

शुद्ध फायरफ्लाय ल्युसिफरेज विकत घेतलं, थेट त्यावर रेणू टाकले. ओएक्स-२ नॅनोमोलरमध्ये एन्झाइम बंद करतो. रेनिलाला काही होत नाही. एन्झाइमवर चालणारा रेणू आम्ही केला खरा, फक्त तो काजव्याचा.

रोखणारा रेणू पेशींत सिग्नल वाढवतो कसा, हे नव्या माणसाला उमजत नाही, म्हणून थोडक्यात. पेशीत हे एन्झाइम फार टिकत नाही, त्याचं अर्धायुष्य तीन तासांच्या आसपास. रेणू त्याच्या खिशात बसला की ते तुटत नाही, साचत जातं. चोवीस तासांनी पेशीत ल्युसिफरेजचा साठा दुप्पट. मग पेशी फोडून वर रीएजंट टाकलं की त्यातलं कोएन्झाइम ए रेणूला सोडवतं आणि साठलेलं सगळं एन्झाइम एकदम उजळतं. मात्रा फार वाढवली तर सोडवणं पुरं पडत नाही, वक्र खाली येतो. घंटा तीच. कोएन्झाइम ए नसलेल्या रीएजंटमध्ये रेणू सुटतच नाही, म्हणून उलटा निकाल.

आणि हे नवीन नाही. अटालुरेन हे औषध, म्हणजे पीटीसी१२४, फायरफ्लाय ल्युसिफरेजच्याच चाचणीतून पुढे आलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचमधल्या गटाने दाखवलं की ते ल्युसिफरेजलाच घट्ट धरतं. पुढे कळलं की एन्झाइम त्याच्या मेटा-कार्बोक्झिलला एटीपीतलं एएमपी जोडून घेतं आणि तो जोड आत अडकतो. अटालुरेनची रचना काढून टेबलावर ठेवली. ३,५-डायॲरिल-१,२,४-ऑक्साडायझोल, तिसऱ्या जागी मेटा-बेंझोइक ॲसिड. आमच्या ओएक्स-२ मध्ये आणि त्यात फरक एका फ्लोरिनचा. औषध म्हणून अटालुरेनचं बरंवाईट हा वेगळा वाद. आमच्यापुरता प्रश्न एवढाच की मालिका निवडताना हा सांगाडा ओळखीचा का वाटला नाही. पेटंट आणि डॉकिंग दोन्ही पाहिलं, वाचनाच्या यंत्रणेला, म्हणजे ल्युसिफरेजला, कोणते रेणू चिकटतात हे कुणी पाहिलं नाही.

१५ ऑक्टोबर

हिशेब. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि अख्खा सप्टेंबर गेला. पैशांत सगळ्यात मोठी रक्कम सीरम आणि रीएजंटची, संश्लेषणाची नव्हे. शुद्ध ल्युसिफरेजची कुपी या सगळ्यापुढे किरकोळ, आणि ती चाचणी एका दुपारची. म्हणून क्रम बदलला: नवा रेणू आधी शुद्ध ल्युसिफरेजवर, मग नुसत्या गॅल४ वर, मग खऱ्या चाचणीत.

२२ ऑक्टोबर

पीटीपी१बीकडे वळलो, कारण ती चाचणी स्वस्त. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट टाकायचं, एन्झाइम ते तोडतं, पिवळा रंग येतो, ४०५ नॅनोमीटरवर वाचायचं. जिथे रोखलं जातं तिथे खड्डा पांढरा राहतो.

लांब शेपटीच्या सगळ्या रेणूंचे खड्डे पांढरे. पण या वेळी पेढे नाहीत. वक्र फार उभे, मात्रा जरा वाढवली की शून्य ते शंभर. बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ) घालून तीच प्लेट परत. सगळी पिवळीधमक. म्हणजे रेणू पाण्यात गोळा होऊन त्या गोळ्यांवर एन्झाइम चिकटत होतं; ट्रायटनने गोळे फुटले आणि एन्झाइम कामाला लागलं. ऑक्सिडेशन रोखणारं डीटीटी आधीपासून होतं, त्यामुळे एन्झाइममधल्या सिस्टीन २१५ चं हवेने होणारं ऑक्सिडेशन हे कारण नाही.

पीटीपी१बी बंद. दुसरा पक्षी उडाला. खरं तर बरं झालं. त्या एन्झाइमला घट्ट धरणारे रेणू इतके विद्युतभारित असतात की पेशीच्या आत शिरायलाच तयार नसतात.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर नवी मालिका. ऑक्साडायझोल ठेवलं, पण शेपटीत ढकललं. ॲसिड ॲरोमॅटिक रिंगवरून काढून २-इथॉक्सीप्रोपॅनॉइक डोक्यावर नेलं, सारोग्लिटाझारचं डोकं तसंच आहे. मेटा-बेंझोइक ॲसिड गेलं म्हणजे एएमपी जोडायची ती जागाही गेली.

सध्या रॅसेमिक, म्हणजे रेणूची एकमेकांच्या आरशातली दोन रूपं (एस आणि आर) मिसळलेली. सहसा एस रूपच काम करतं, पण वेगळे करायचा खर्च आत्ता नको.

२१ नोव्हेंबर

ओएक्स-१७, १८, १९ तयार. शुद्ध ल्युसिफरेजवर तिघेही निरुपद्रवी. नुसत्या गॅल४ वर शांत.

रेणू रिसेप्टरला धरतो का, ही बंधाची चाचणी टीआर-फ्रेटने (दोन चमकणारी लेबलं जवळ आली का हे प्रकाशावरून ओळखणं), त्यात ल्युसिफरेजचा संबंधच नाही: टर्बियम लावलेली अँटीबॉडी, रिसेप्टरमध्ये बसणारा चमकणारा ट्रेसर, ३४० नॅनोमीटरला प्रकाश, ५२० आणि ४९५ चं गुणोत्तर. ओएक्स-१९ ट्रेसरला हुसकावतो, मायक्रोमोलरमध्ये. रोसिग्लिटाझोनच्या तुलनेत फारच दुबळा. ओएक्स-१८ काहीच करत नाही. किट एवढं महाग की मॅडमनी प्रत्येक खड्ड्यातलं आकारमान निम्म्यावर आणलं. कडेच्या खड्ड्यांत बाष्पीभवनाने आकडे सरकतात, तिथे नुसता बफर भरायचा.

५ डिसेंबर

पेशींत ओएक्स-१९ रोसिग्लिटाझोनच्या चाळीस टक्क्यांवर जाऊन थांबतो. घंटा नाही, सपाट माथा. जीडब्ल्यू९६६२ लावलं की बसतो.

चाळीस टक्के म्हणजे पार्शल ॲगोनिस्ट, की नुसताच न विरघळलेला रेणू? दोन्ही आलेखात सारखेच दिसतात. फरक असा काढला: पेशींना रोसिग्लिटाझोनची ठरावीक मात्रा द्यायची आणि वर ओएक्स-१९ वाढवत न्यायचा. खरा पार्शल असेल तर जागा अडवून एकूण सिग्नल स्वतःच्या पातळीकडे खाली ओढेल. विरघळलाच नसेल तर रोसिग्लिटाझोनला काहीच होणार नाही.

ओएक्स-१९ ने खाली ओढला, साधारण निम्म्यावर. रेनिला जागेवर. ओएक्स-१७ ने हलवला नाही. त्याच्या खड्ड्यांत मायक्रोस्कोपखाली सुया दिसल्या, तो बाद.

१३ डिसेंबर

३टी३-एल१ पेशी (चरबीपेशी बनू शकणाऱ्या उंदराच्या पेशी) आणल्या आहेत, आमच्या रेणूने चरबी साठवतात का ते पाहायला. या पेशी जुन्या झाल्या की चरबीपेशी व्हायचं सोडून देतात, म्हणून सुरुवातीच्याच पॅसेजच्या (पिढ्यांच्या) कुप्या गोठवून ठेवल्या. वाढवताना वासराचं सीरम, चरबीपेशी घडवताना एफबीएस, म्हणजे गर्भातल्या वासराचं सीरम. उलट झालं तर वाया. चरबीला लाल करणाऱ्या ऑइल रेड ओ च्या रंगाबरोबर एफएबीपी४ या चरबीपेशींच्या जनुकाची पातळी क्यूपीसीआरने बघायची ठरली. दोन्हींत कुठेही ल्युसिफरेज नाही.

ओएक्स-१९ ची आरशातली दोन रूपं वेगळी करायला बाहेरच्या लॅबचं कोटेशन आलं आहे. ते सरांच्या टेबलावर. दरम्यान मी शेपटीतल्या ऑक्साडायझोलची दिशा उलटी करून ओएक्स-२० लावला आहे. टीएलसीवर एकच स्पॉट, सोमवारी कॉलम.